मऊ लाकडाची खरी ओळख

लाकडाच्या वखारीत ‘सॉफ्टवुड’ किंवा ‘मऊ लाकूड’ हा शब्द वारंवार कानी पडतो. नखाने ओरखडा उठेल असे लाकूड, असा त्याचा अर्थ सहज लावला जातो. वनस्पतिशास्त्रातील विभागणी मात्र वेगळ्या आधारावर केलेली आहे. ज्यांच्या बिया फळात बंदिस्त नसतात, बहुधा शंकूच्या खवल्यांवर उघड्या असतात, अशा वृक्षांचे लाकूड मऊ मानले जाते. फळात बी धरणाऱ्या रुंदपर्णी वृक्षांचे लाकूड कठीण समजले जाते. त्यामुळे काटेसावर आणि बाल्सा यांचे अगदी हलके लाकूडही शास्त्रानुसार ‘कठीण’ ठरते, तर हिमालयातील थुनेरचे टणक लाकूड ‘मऊ’ गटात मोडते. घरासाठी लाकूड घेताना गटाच्या नावापेक्षा वृक्षाचे नाव विचारणे म्हणूनच अधिक उपयुक्त असते.

मऊ लाकूड देणारे बहुतेक वृक्ष सूचिपर्णी असून थंड हवेत वाढतात. महाराष्ट्रातील सह्याद्रीत त्यांची नैसर्गिक वने नाहीत. भारतात ही वने प्रामुख्याने हिमालयात आढळतात.

देवदार

टिकाऊपणात देवदार अग्रेसर आहे. त्याच्या गाभ्यातील सुगंधी तेलामुळे वाळवी आणि बुरशी दूर राहते. काश्मीरमधील हाऊसबोटी आणि हिमाचलमधील जुनी देवळे यांत हे लाकूड वापरलेले दिसते. श्रीनगरच्या जामा मशिदीचे छत साडेतीनशेहून अधिक देवदारी खांबांनी पेलले आहे. एकोणिसाव्या शतकात उत्तर भारतातील रेल्वेमार्गांच्या स्लीपरसाठी देवदाराची मोठ्या प्रमाणावर तोड झाली. ओंडके आणि स्लीपर नद्यांच्या प्रवाहात सोडून मैदानी प्रदेशात आणले जात.

चीड आणि कैल

हे दोन्ही पाइन कुळातील वृक्ष. चीडची सुईसारखी पाने तीन-तीनच्या, तर कैलची पाच-पाचच्या जुडग्यात येतात. चीडच्या खोडाला खाच पाडून राळ गोळा करतात. तिच्या ऊर्ध्वपातनातून टर्पेंटाइन आणि रोझिन मिळते. रंग, वार्निश, साबण व कागद या उद्योगांत त्यांचा वापर होतो. कैलचे लाकूड चीडपेक्षा सरस मानले जाते. दारे-खिडक्या आणि फर्निचर यांसाठी त्याला पसंती असते.

फर आणि स्प्रूस

पांढरट, हलके आणि सरळ रेषांचे हे लाकूड. त्याचे तंतू सुमारे ३ ते ४ मिलिमीटर लांब असतात. रुंदपर्णी वृक्षांचे तंतू साधारण १ मिलिमीटरचे. लांब तंतूंमुळे कागदाला बळकटी येते. वजनाच्या मानाने मजबूत आणि उत्तम ध्वनी देणारे असल्याने व्हायोलिन, गिटार व पियानो यांच्या ध्वनिफलकांसाठी स्प्रूस निवडतात. राइट बंधूंच्या १९०३ मधील विमानाचा सांगाडाही मुख्यतः स्प्रूसचा होता. हिमाचलमधील सफरचंदांच्या पेट्यांसाठी फर व स्प्रूसची झाडे मोठ्या संख्येने तोडली जात. १९८० च्या दशकात उभ्या झाडांच्या तोडीवर निर्बंध आले आणि पुठ्ठ्याच्या खोक्यांचा वापर वाढला.

बाजारातील पाइन

१९८१ मध्ये तत्कालीन उत्तर प्रदेशच्या डोंगराळ भागात १००० मीटरहून उंच जागी हिरव्या झाडांची तोड थांबवण्यात आली. अशा निर्बंधांनंतर परदेशी लाकडाचे महत्त्व वाढले. शहरांत ‘पाइनवुड’ म्हणून मिळणारे पुष्कळसे लाकूड आयात केलेले असते. न्यूझीलंडमधील लागवडीचा रेडिएटा पाइन हा त्याचा परिचित प्रकार. तो साधारण २५ ते ३० वर्षांत तोडणीस येतो. आयात ओंडक्यांसाठी गुजरातमधील कांडला हे प्रमुख बंदर असून लगतच्या गांधीधाम परिसरात अनेक सॉ मिल आहेत.

हे लाकूड सहज कापले जाते, खिळे व रंग चांगला धरते आणि सागवानापेक्षा स्वस्त पडते. मात्र त्यात देवदारासारखे नैसर्गिक संरक्षण नसते. कोकणपट्टीच्या पावसात उघड्यावर ठेवल्यास ते लवकर कुजते, वाळवीही लागते.

खरेदी करताना

भट्टीत सुमारे १२ टक्के आर्द्रतेपर्यंत सुकवलेले लाकूड घ्यावे. ओलसर लाकूड पुढे वाकते किंवा तडकते. बाल्कनी, गच्ची वा बागेसाठी दाबाखाली संरक्षक रसायने मुरवलेलेच पाइन निवडावे.

अलीकडे मालवाहतुकीच्या जुन्या पॅलेटपासून फर्निचर बनवले जाते. त्यावरील शिक्क्यात गव्हाच्या लोंबीचे चिन्ह असते. ‘एचटी’ अक्षरांचा अर्थ गाभा ५६ अंश सेल्सिअसला किमान ३० मिनिटे तापवला आहे, तर ‘एमबी’चा अर्थ मिथिल ब्रोमाइडची धुरी दिली आहे. दोन्ही प्रक्रियांत लाकडातील कीड मरते, पुढे लागणाऱ्या वाळवीपासून संरक्षण मिळत नाही. शिक्का पाहून निर्धास्त होणाऱ्या ग्राहकाने हा फरक लक्षात ठेवावा.