आधी औषध, मग सुरी

जून २०२२ मध्ये तुमच्याही फॅमिली ग्रुपवर ते फॉरवर्ड आलं असेल: कॅन्सरवर औषध सापडलं, १२ पैकी १२ पेशंट बरे! बातमी खरी होती, पण अर्धी.

त्यासाठी आधी १९०८ चं लंडन. गुदाशय, म्हणजे मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग. तिथल्या कॅन्सरसाठी सर्जन अर्नेस्ट माइल्स यांनी एक ऑपरेशन मांडलं: पोटाकडून आणि खालून, दोन्हीकडून कापत गुदद्वारासकट सगळं काढायचं. त्यानंतर शौचाची वाट जन्मभर पोटावर. जगण्याची ही किंमत होती, आणि आजही काहींना ती मोजावी लागते.

पुढे सर्जरी सुधारत गेली. पण मला विचाराल तर मोठा बदल सुरीत नाही, क्रमात झाला. २००४ मध्ये जर्मन डॉक्टरांनी दाखवलं की रेडिएशन आणि केमो ऑपरेशननंतर देण्याऐवजी आधी दिलं, तर पाच वर्षांत त्याच जागी कॅन्सर परतण्याचं प्रमाण १३ टक्क्यांवरून ६ वर येतं. त्याच वर्षी ब्राझीलच्या आंजेलिता हाब्र-गामा यांनी त्याहून धाडसी गोष्ट मांडली. त्यांच्या २६५ पैकी ७१ पेशंट्समध्ये गाठ दिसेनाशीच झाली होती. त्यांनी त्यांचं ऑपरेशन केलंच नाही, नुसतं लक्ष ठेवलं. बऱ्याच सर्जन्सना हे पटलं नाही.

आता ते १२ जण. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये त्यांना फक्त डोस्टारलिमॅब दिलं, आणि गाठ गायब. का? त्यांच्या गाठीत डीएनएच्या कॉपीतल्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणाच बंद होती. आमच्या भाषेत, टेस्टिंग न करता हजारो बग्ज प्रॉडक्शनला गेले! इतक्या चुका असल्या की प्रतिकारशक्तीला ती पेशी परकी वाटते. औषध फक्त तिचा ब्रेक काढतं. पण गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये असे पेशंट जेमतेम ५ ते १० टक्के.

बाकीच्यांवर नुसती इम्युनोथेरपी फारशी चालत नाही. म्हणून मिश्रण. वुहानच्या युनियन हॉस्पिटलच्या पुढाकाराने चीनमध्ये झालेल्या ट्रायलमध्ये पाच दिवस रेडिएशन, मग केमो आणि कॅमरेलिझुमॅब एकत्र, मग ऑपरेशन असा क्रम ठेवला. तर्क असा की मरणाऱ्या पेशींचे तुकडे पाहून प्रतिकारशक्तीला शत्रूची ओळख पटते. काढलेल्या भागात कॅन्सरची एकही पेशी न सापडणारे ३९.८ टक्के निघाले. इम्युनोथेरपी नसलेल्या गटात १५.३. फरक मोठा आहे, पण दोन्ही गटांचं रेडिएशनही वेगळं होतं, त्यामुळे सगळं श्रेय एकाच औषधाला देता येत नाही.

तर ते फॉरवर्ड पुन्हा आलं आणि घरात खरंच कुणी पेशंट असेल, तर डॉक्टरांना आधी एवढं विचारा: एमएमआर टेस्ट झाली का? बायोप्सीच्या त्याच तुकड्यावर ती करता येते.