ओठावरचा जर : निमित्त आणि कारण



आमच्या आगरदांड्याच्या खाडीकांठीं एके काळीं हिवताप नवा नव्हता. थंडी वाजून भरलेला ताप उतरूं लागला, कीं रोग्याच्या ओठाच्या कडेला बारीक, पाणी धरलेल्या पुळ्यांचा झुबका येई. तो पाहून वडील मंडळी समाधानानें म्हणत, "जर उठला, आतां ताप गेला." मग त्याच ओठांनीं घरांतील तान्ह्या मुलाचा मुका घेण्यास कोणाची हरकत नसे.

'जर' हें 'ज्वर' या शब्दाचेंच बोली रूप. अंगांतील उष्णता ओठावाटे बाहेर पडते, ही समजूत त्या शब्दांतच वसलेली आहे. ती केवळ आपलीच होती असें नाहीं. युरोपांतील वैद्यही या विकारास 'ज्वराचा हर्पीस' म्हणत. हर्पीस हा शब्द 'सरपटणें' या अर्थाच्या ग्रीक धातूपासून निघाला. तो धातु आणि संस्कृत 'सृप्' हे सगोत्र आहेत. चरकसंहितेंतील विसर्प आणि आपली नागीण यांच्या नांवांतही तेंच सरपटणें आहे. मात्र कल्पना एक असली, तरी रोग निरनिराळे. नागीण कांजिण्यांच्या विषाणूनें होते. ओठावरच्या पुळ्यांचा विषाणु त्याच कुळांतला, पण वेगळा.

ताप हेंच कारण असतें, तर प्रत्येक तापकऱ्याचा ओठ उठावयास हवा होता. तसें होत नसे. उलट भर उन्हांत राबलेल्या धडधाकट माणसासही पुळ्या येत. सन १९१९ मध्यें लोवेनस्टाईन या नेत्रवैद्यानें पुळींतील द्रव सशाच्या डोळ्यास लावून तेथें विकार उत्पन्न झाल्याचें दाखविलें. पुळींत संसर्गाचें बीज आहे, हें त्यावरून कळलें.

परंतु त्या पुन्हां पुन्हां कां येतात? याचा धागा जुन्या एका निरीक्षणांत होता. चेहऱ्याच्या असह्य कळांवर मज्जातंतूची शस्त्रक्रिया केल्यानंतर रोग्यांस अशा पुळ्या येतात, हें अमेरिकन शस्त्रवैद्य हार्वे कुशिंग यानें १९०५ सालीं नोंदलें होतें. विषाणु मज्जातंतूच्या गांठींत दडून राहत असावा, असें अनुमान १९२९ सालीं गुडपाश्चर यानें मांडलें. १९३९ मध्यें ऑस्ट्रेलियांत बर्नेट आणि विल्यम्स यांनीं सांगितलें, कीं हा संसर्ग बहुधा बालपणींच जडतो व जन्मभर सोबत राहतो. अखेर १९७१ सालीं उंदरांच्या मज्जागांठींत, आणि लवकरच माणसाच्याही, तो निद्रिस्त विषाणु सांपडला.

तेव्हां ताप, ऊन, थकवा हीं निमित्तें. कारण तो विषाणु. ॲसायक्लोव्हिरसारखीं औषधें त्याची वाढ रोखतात, परंतु मज्जागांठींतून त्यास घालवीत नाहींत.

आपल्या वडिलांनीं पाहिलें तें खोटें नव्हतें. तापामागून पुळ्या येत, हें खरेंच. चूक झाली ती अर्थ लावण्यांत. ज्या खुणेस आपण रोगाचा निरोप समजलों, ती दुसऱ्या संसर्गाची जाग होती. मोठ्यांस जें चार दिवसांचें दुखणें, तें नवजात अर्भकाच्या जिवावर बेतूं शकतें. म्हणून ओठ उठला असतां बाळाचा मुका घेऊं नये, आणि पुळीस लागलेलें बोट डोळ्यास लावूं नये. माया आठवडाभर थांबली, तर ती उणी होत नाहीं.