चौघांपासून कोटींपर्यंत

मुंबई विश्वविद्यालय १८५७ सालीं स्थापन झालें व १८६२ सालीं तेथून पहिले बी. ए. बाहेर पडले. ते अवघे चार : रानडे, भांडारकर, मोडक आणि वागळे. चौघेहि पुरुष, चौघेहि उच्चवर्णीय. पुढें संख्या वाढत गेली. परंतु नुसतें दार उघडें असून भागत नाहीं, आंत शिरण्यास सवडहि लागते. डॉ. आंबेडकरांनीं हें नेमकें ओळखलें. १९४६ सालीं मुंबईंत निघालेल्या सिद्धार्थ महाविद्यालयाचे वर्ग सकाळीं भरत. त्यामुळें दिवसा कारकुनी करणारा तरुणहि पदवीची आशा धरूं लागला. २०२१-२२ सालीं साऱ्या भारतांत उच्च शिक्षण घेणारे ४.३३ कोटी होते. त्यांत स्त्रिया २.०७ कोटी. तरीहि १८ ते २३ वयाच्या लोकसंख्येशीं हें प्रमाण शेंकडा २८ च्या आसपासच भरलें.