पद्मिनीला चालू कोणी ठेवलं?

आजचा भाग एका गाडीबद्दल आहे, पण ती बनवणाऱ्यांपेक्षा ती चालू ठेवणाऱ्यांबद्दल जास्त आहे. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलण्यातलं थोडं काढलंय, थोडं तसंच ठेवलंय.

तारीख आहे ३० ऑक्टोबर २०२३. या दिवसापासून मुंबईत प्रीमियर पद्मिनीची काळीपिवळी टॅक्सी कायद्याने रस्त्यावर राहिली नाही. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदवली गेली होती, आणि मुंबईत टॅक्सीला वयाची मर्यादा २० वर्षं. हिशोब सरळ होता. त्याच्या दीड महिना आधी, १५ सप्टेंबरला, बेस्टची जुनी लाल डबल डेकरही थांबली होती. मग काय, फोटो, रील, आठवणी, सगळं झालं.

पण एक प्रश्न त्यात फारसा कोणी विचारला नाही. १९५३ साली इटलीत आलेल्या फियाट ११०० च्या घराण्यातली ही गाडी २०२३ पर्यंत मुंबईच्या खड्ड्यांत आणि पावसात रोज भाडं मारत होती. ती मोडली कशी नाही?

उत्तर सोपं आहे. ती मोडत होती. सारखी मोडत होती, आणि दर वेळी कोणीतरी ती दुरुस्त करत होतं.

कुर्ल्याची गाडी

थोडं मागे जाऊ. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स सुरू केली. सुरुवातीचा करार अमेरिकेच्या क्रायस्लरशी होता. पुढे पन्नासच्या दशकात फियाट आली. १९६४ पासून कुर्ल्यात फियाट ११०० डिलाइट बनायला लागली. मग नाव बदलून प्रेसिडेंट झालं आणि १९७४ मध्ये चितोडच्या राणीवरून पद्मिनी. नावं बदलली, गाडी आतून बरीचशी तीच राहिली. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगजवळचा गिअर, पुढे बाकासारखी सलग सीट.

तेव्हा लायसन्स राज होतं. किती गाड्या बनवायच्या हे सरकार ठरवायचं. किंमतसुद्धा सरकार ठरवायचं, आणि त्यावरून प्रीमियर थेट सुप्रीम कोर्टात गेली होती. गिऱ्हाईक वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचं. अशा वेळी गाडी जुनी झाली म्हणून नवी घेऊ, हा पर्यायच नव्हता. आहे ती चालवायची, म्हणजे आहे ती दुरुस्त करायची.

खालून येणारा आवाज

पद्मिनीच्या पुढच्या चाकांना कॉइल स्प्रिंग आणि मागे जाड धुऱ्याखाली पाट्यांची कमान. कमान म्हणजे एकावर एक ठेवलेले स्टीलचे पाटे. ट्रकला असतात तसेच, फक्त छोटे. यातली गंमत अशी की एक पाटा तुटला तर तेवढाच बदलता येतो. आणि सगळी कमान बसली, म्हणजे सपाट झाली, तर कमानवाला ती उतरवून पुन्हा बाक देतो. अख्खा पार्ट फेकावा लागत नाही.

मुंबईत कमानी बसायच्याच. डोक्यावर कॅरिअर, त्यावर दादरला किंवा बॉम्बे सेंट्रलला चढवलेल्या ट्रंका. नंतर त्यात सीएनजीची भर पडली. प्रदूषणाबद्दल उच्च न्यायालयाचे आदेश आले आणि २००० नंतरच्या काळात जुन्या टॅक्सी गॅसवर गेल्या. हवेसाठी ते चांगलंच झालं. पण स्टीलची जड टाकी बसली डिकीत, म्हणजे मागच्या कमानीवर एक माणूस कायमचा बसल्यासारखंच. जी गाडी पेट्रोलसाठी बनली होती, तिच्या मागच्या भागाचं काम एकदम वाढलं. कोर्टाचा एक आदेश शेवटी कमानवाल्याच्या ऐरणीवर येऊन पोचतो, तो असा.

पुढच्या बाजूला त्रास द्यायचे किंगपिन, बुश आणि टायरॉडचे जॉइंट. तपासायची पद्धत अशी: चाक जॅकवर उचला. वर-खाली धरून हलवा. ढिलं लागलं तर बेअरिंग किंवा किंगपिन. डावी-उजवीकडे धरून हलवा. ढिलं लागलं तर टायरॉड. शॉकअप गेलाय का बघायचं तर बोनेटचा कोपरा जोरात दाबून सोडा. गाडी वर येऊन लगेच स्थिरावली तर ठीक, डुलत राहिली तर शॉकअप संपला. यासाठी ना मशीन लागतं ना लॅपटॉप. हात आणि कान लागतात.

लाईटचं काम वेगळं

सस्पेन्शन बिघडलं की ओरडून सांगतं. वायरिंग तसं करत नाही. कधी हॉर्न वाजतो, कधी वाजत नाही. मेकॅनिककडे नेलं की सगळं बरोबर चालतं. आम्ही सॉफ्टवेअरवाले अशा बगला चांगले ओळखतो.

म्हणून मुंबईत गाडीचा इलेक्ट्रिशियन हा मेकॅनिकपासून वेगळा माणूस. त्याचं मुख्य हत्यार म्हणजे टेस्ट लॅम्प: बारा व्होल्टचा एक बल्ब आणि दोन वायरी. एक टोक बॉडीला, दुसरं वायरीवर. पेटला तर करंट इथपर्यंत येतोय, नाही तर अडचण मागे आहे. असं एकेक पाऊल मागे जायचं.

यात बॉडी महत्त्वाची, कारण करंट परत जायचा रस्ता गाडीच्या पत्र्यातूनच असतो. मुंबईची खारी हवा त्या पत्र्याला खाते. जिथे अर्थची वायर स्क्रूने कसलेली असते तिथे गंज धरला की दिवे मिणमिणायला लागतात. बल्ब बदला, बॅटरी बदला, काही होत नाही. स्क्रू काढून पत्रा पॉलिश पेपरने घासला की लख्ख. पार्टचा खर्च शून्य. पैसे होते ते कुठला स्क्रू काढायचा हे माहीत असण्याचे.

जुन्या गाड्यांत अल्टरनेटर नव्हता, डायनमो होता. इंजिन सावकाश फिरत असताना डायनमो फारसं चार्जिंग करत नाही. म्हणजे सिग्नलला थांबलं की दिवे मंद, आणि ट्रॅफिकमध्ये रात्र गेली की सकाळी बॅटरी डाऊन. मग धक्का स्टार्ट.

आणि पावसाळा. डिस्ट्रिब्युटरच्या झाकणात ओल शिरली की ठिणगी प्लगपर्यंत न जाता मधेच भरकटते. हिंदमाताच्या पाण्यात बंद पडलेली टॅक्सी, उघडं बोनेट, आणि कोरड्या फडक्याने झाकण पुसणारा ड्रायव्हर हे दृश्य त्यातून आलं. आतल्या पॉइंटमधली फट अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास ठेवायची असते. फीलर गेज जवळ नसेल तर जाड पुठ्ठ्याचा तुकडा सरकवून अंदाज घ्यायचे.

जुगाड म्हणून मिरवायचं का?

इथे थोडं थांबू. हे सगळं ऐकून "वा, काय लोक होते" म्हणावंसं वाटतं. पण ही दुरुस्तीची संस्कृती टंचाईतून आली होती. ढिल्या किंगपिनवर चाललेली टॅक्सी ही प्रवाशासाठी धोकाच होती. गॅरेजमधला "छोटू" शाळेत असायला हवा होता. आणि आज ज्या गाडीसाठी आपण हळहळतो, तिच्यात दिवसाचे बारा तास बसणाऱ्या ड्रायव्हरच्या पाठीचं काय झालं, हे रीलमध्ये दिसत नाही.

तरी एक गोष्ट उरते. ही गाडी समजून घेता येत होती. डिझाइन फारसं बदललं नाही म्हणून जुन्या गाडीचा पार्ट पुष्कळदा नव्या गाडीला बसायचा. ऑपेरा हाऊसला नवा मिळायचा, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर भंगारातला. न मिळाला तर लेथवाला बुश बनवून द्यायचा. ज्ञान कंपनीच्या कुलपात नव्हतं, रस्त्यावर होतं. त्यावर कमानवाला, लाईटवाला, लेथवाला आणि भंगारवाला, इतक्यांची घरं चालत होती.

१९८३ मध्ये मारुती ८०० आली, मग बाजार खुला झाला, गाड्या जास्त चांगल्या आणि जास्त सुरक्षित झाल्या. प्रीमियरच्या कुर्ल्यातल्या जागेवर आज कोहिनूर सिटी उभी आहे. आताच्या गाडीत साधा दिवा लावायलाही पुष्कळदा मधे कंट्रोल युनिट असतं. तिथे टेस्ट लॅम्प पुरत नाही, स्कॅनर लागतो, आणि स्कॅनरला काय दिसू द्यायचं ते कंपनी ठरवते. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये "राइट टू रिपेअर" साठी समिती नेमली, त्यात मोबाईल आणि शेतीच्या यंत्रांसोबत गाड्याही आहेत. म्हणजे पद्मिनीच्या काळात जे आपोआप मिळत होतं, ते आता हक्क म्हणून मागावं लागतंय.

जाता जाता एक काम. या लोकांनी जे शिकलं ते कुठे लिहिलेलं नाही. तुमच्या भागात जुना कमानवाला किंवा लाईटवाला असेल, तर त्याच्याशी चहा घेत बोला, आणि त्याची परवानगी घेऊन फोनवर रेकॉर्ड करा. तो हातात टेस्ट लॅम्प धरून काय सांगतो, तेही इतिहासाचंच साधन आहे. आम्हाला पाठवलंत तर पुढच्या एखाद्या भागात नक्की ऐकवू.

भेटूया. तोवर गाडीखालून आवाज आला तर गाण्याचा आवाज वाढवू नका. एकदा चाक उचलून बघा.