अर्ज कोण लिहितो? फर्दापूरच्या सीमेवरून दिसणारा नुकसानभरपाईचा इतिहास

आमच्या फर्दापूरच्या घरात एक जुनी पत्र्याची पेटी आहे. तीत जमिनीचे उतारे आहेत, सोसायटीच्या पावत्या आहेत आणि १९७४ सालचा एक स्टँपपेपर आहे. ‘अपघातात झालेल्या नुकसानीपोटी रुपये सहाशे रोख मिळाले, यापुढे माझी काही एक तक्रार नाही,’ एवढाच त्यातला मजकूर. खाली माझ्या चुलतआजोबांचा डाव्या हाताचा अंगठा.

त्यांना आम्ही थोरले आबा म्हणायचो. अजिंठ्याचा घाट उतरताना रात्री मागून आलेल्या ट्रकने त्यांच्या बैलगाडीला धडक दिली. एक बैल जागीच गेला. आबांचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. ते दवाखान्यातून घरी आल्यावर आठवड्याभरात ट्रकमालकाचा माणूस तयार मजकूर घेऊन आला. ‘तुमच्या गाडीला कंदील नव्हता, केस केली तर तुम्हीच अडकाल,’ असे त्याने सांगितले. आबांनी अंगठा दिला. पुढची बावीस वर्षे ते कुबडीवर चालले आणि वाट्याने दिलेल्या शेताच्या बांधावर बसून राहिले.

तेव्हा कायदाच नव्हता, असे घरात सगळे समजून होते. मीही तसेच धरून चाललो होतो. पुढे जुने कायदे आणि निकाल वाचायची सवय लागली, तेव्हा कळले की कायदा होता आणि तो बराच जुना होता. आबांकडे नव्हता तो अर्ज लिहून देणारा माणूस. या लेखाचा विषय तोच आहे.

फर्दापूरचे स्थान अशा शोधाला सोयीचे आहे. लेण्यांना जाणारे पर्यटक गावाच्या फाट्यावर गाड्या लावून एसटीच्या बसने पुढे जातात, एवढीच आज गावाची ओळख. पण १९४८ पर्यंत हे गाव निजामाच्या राज्याच्या कडेला होते. जळगावच्या रस्त्यावरचे पुढचे वाकोद हे गाव पूर्व खानदेशात, म्हणजे मुंबई इलाख्यात. सोयरिकी आणि बाजारहाट दोन्हीकडे चालत असे. कायदे मात्र दोन्हीकडचे वेगळे.

खानदेशच्या बाजूला कापसाचे जिन आणि प्रेस होते, पाचोरा-जामनेर छोटी रेल्वे होती. तिथल्या कामगाराला लागू होणारा कामगार नुकसानभरपाई कायदा १९२३ साली झाला आणि १ जुलै १९२४ पासून अमलात आला. त्याची पहिली अनुसूची आज वाचताना अंगावर काटा येतो, कारण ती शरीराचे दरपत्रक आहे. उजवा हात कोपरापासून गेला तर सत्तर टक्के, डावा गेला तर साठ. पाय गुडघ्याखाली गेला तर पन्नास. एक डोळा तीस, अंगठा पंचवीस, तर्जनी दहा. कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर बेचाळीस महिन्यांचा पगार किंवा साडेतीन हजार रुपये, यांतली कमी असेल ती रक्कम. म्हणजे महिना वीस रुपये मिळवणाऱ्याचा पाय गुडघ्याखाली गेला तर हिशेब चारशे वीस रुपयांवर येई. दर निर्दयी वाटतो. पण त्याआधी मालकाची चूक दिवाणी न्यायालयात सिद्ध केल्याशिवाय जखमी कामगाराला दमडी मिळत नसे. या कायद्याने चुकीचा प्रश्न बहुतांशी बाजूला ठेवला. काम करताना इजा झाली, एवढे पुरे.

याच कायद्यात आणखी दोन कलमे आहेत आणि ती वाचताना मला पेटीतला कागद आठवतो. कामगाराने भरपाईचा हक्क सोडल्याचा करार सतराव्या कलमाने रद्दबातल ठरतो. अठ्ठाविसाव्या कलमानुसार तडजोड झाली तर ती आयुक्तांकडे नोंदवावी लागते आणि रक्कम अपुरी किंवा फसवणुकीची वाटली तर आयुक्त नोंद नाकारू शकतात. दवाखान्यातून आलेल्या माणसासमोर स्टँपपेपर ठेवला जातो, हे १९२३ सालच्या कायदेकर्त्यांना पुरते माहीत होते.

पण दाव्याची मुदत होती सहा महिने आणि अर्ज करायचा होता लिहिता न येणाऱ्या माणसाने. मुंबईत ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये स्थापन केलेली सोशल सर्व्हिस लीग गरीब आणि निरक्षर लोकांना कायद्याचा सल्ला आणि मदत देत असे. पुढे युनियनचे कार्यकर्तेही आयुक्तांपुढे कामगाराची बाजू मांडू लागले. कायद्यानेही वकिलाखेरीज इतरांना तशी मुभा ठेवली. ही सोय गिरणगावात होती, जामनेरच्या जिनपर्यंत ती सहज पोचणारी नव्हती. सीमेच्या अलीकडे, आमच्या बाजूला, कचेरीची भाषा उर्दू. मराठी बोलणाऱ्या माणसाचे दुःख आधी अर्जनवीसाच्या तोंडून दुसऱ्या भाषेत जायचे आणि मग कागदावर उतरायचे.

हैदराबाद संस्थान विलीन झाले आणि १९५१ च्या एका कायद्याने अनेक केंद्रीय कायदे इकडे लागू झाले. रस्त्यावरच्या अपघातांसाठी १९५६ च्या दुरुस्तीने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणांची सोय केली. वाहनाचा तिसऱ्या पक्षाचा विमा त्याआधीच, १९४६ पासून, सक्तीचा होता. म्हणजे १९७४ साली आबांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरण होते आणि पैसे देणारी विमा कंपनीही असायला हवी होती. कंदील नसल्याचे खरे मानले, तरी कायद्यात त्याला सहभागी निष्काळजीपणा म्हणतात. त्याने रक्कम कमी होते, दावा बुडत नाही. मुदत मात्र इथेही सहा महिन्यांची. सबळ कारण दाखवले तर उशीर माफ होई, पण ते कारण मांडायलाही कोणी लागतेच. आणि जिल्ह्याचे ठिकाण शंभर किलोमीटरांवर.

अपिलाचा रस्ता तर आणखी लांबचा. मराठवाड्याची अपिले १९५६ पर्यंत हैदराबादला जात, नंतर मुंबईला. उच्च न्यायालयाचे काम औरंगाबादला सुरू झाले ते २७ ऑगस्ट १९८१ रोजी. आज जळगाव जिल्हाही याच खंडपीठाखाली येतो. फर्दापूर आणि वाकोद यांची जुनी सीमा न्यायापुरती पुसली गेली आहे.

चुकीचा प्रश्न रस्त्यावर मात्र बराच काळ टिकला. मुंबईतल्या एका अपघाताच्या प्रकरणात, मिनू मेहता विरुद्ध बाळकृष्ण नयन या १९७७ च्या निकालात, सर्वोच्च न्यायालयाने चालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करणे आवश्यक ठरवले. त्यानंतर १९८२ मध्ये संसदेने दुरुस्ती करून, चूक सिद्ध न करताही मृत्यूला पंधरा हजार आणि कायमच्या अपंगत्वाला साडेसात हजार रुपये देण्याची तरतूद केली.

मग वकिलाचे काय? मुंबई सरकारने १९४९ मध्ये न्यायमूर्ती एन. एच. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली कायदेविषयक मदतीचा विचार करायला समिती नेमली होती. त्यांचेच चिरंजीव न्यायमूर्ती पी. एन. भगवती पुढे या चळवळीचे मोठे नाव झाले. मोफत कायदेशीर मदतीचे कलम, ३९-अ, संविधानात १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने आले. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये होस्कोट आणि १९७९ मध्ये हुसैनारा खातून या प्रकरणांत गरीब आरोपीला मोफत वकील मिळण्याचा हक्क मान्य केला. हे योग्यच झाले. पण क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. आरोपीला वकील आधी मिळाला, जखमीला नंतर. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ साली झाला आणि ९ नोव्हेंबर १९९५ रोजी लागू झाला, तेव्हा कुठे महिला, अनुसूचित जाती-जमातींतल्या व्यक्ती, औद्योगिक कामगार आणि अपंग यांना उत्पन्नाची अट न लावता दिवाणी दाव्यासाठीही मोफत वकील मिळण्याची वाट खुली झाली.

१९८८ च्या नव्या मोटार वाहन कायद्यात १९९४ ला दुरुस्त्या झाल्या, त्या माझ्या मते आबांसारख्यांसाठी सर्वांत मोलाच्या. दावा जखमी माणूस राहतो तिथल्या न्यायाधिकरणातही दाखल करता येऊ लागला. सहा महिन्यांची मुदत गेली. आणि पोलिसांनी न्यायाधिकरणाकडे पाठवलेला अपघाताचा अहवाल हाच दाव्याचा अर्ज मानण्याची तरतूद आली. अर्ज लिहिणारा नसेल तर सरकारी कागदानेच अर्जाचे काम करावे, एवढी साधी आणि मोठी कल्पना.

शरीराच्या दरपत्रकाकडे पाहायची दृष्टीही बदलली. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की डॉक्टरांनी दाखल्यावर लिहिलेली टक्केवारी म्हणजे कमाईतली घट नव्हे. हात गमावलेल्या सुताराची किंवा ड्रायव्हरची सगळी कमाई जाऊ शकते, कारकुनाची कदाचित जाणार नाही. आबांचा पाय अनुसूचीत पन्नास टक्के होता. शेतात तो किती होता, हे आमच्या घराने पाहिले आहे.

इतिहास मात्र सरळ रेषेत पुढे जात नाही. २०१९ च्या दुरुस्तीने सहा महिन्यांची मुदत परत आणली आणि ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. तिला न्यायालयात आव्हान दिले गेले आहे. जखमी माणसाने मात्र त्या निकालाच्या भरवशावर थांबू नये.

हे मी आमच्या शेजारणीलाही सांगितले. गेल्या वर्षी तिच्या नवऱ्याला डंपरने उडवले. तो वाचला, पण उजवा हात कामाचा राहिला नाही. पंधरा दिवसांत एक माणूस तिच्याकडेही कागद घेऊन आला. रक्कम पन्नास हजार, मजकूर जवळपास आमच्या पेटीतलाच. ती कागद घेऊन माझ्याकडे आली. ‘भाऊ, सही करू का?’ मी तिला आबांचा स्टँपपेपर वाचून दाखवला. दुसऱ्या दिवशी आम्ही तालुका विधी सेवा समितीत गेलो. तिथल्या बाईंनी एफआयआर, पंचनामा, दवाखान्याची बिले, गाडीच्या विम्याचा तपशील आणि अपंगत्वाचा दाखला अशी यादी एका चिठ्ठीवर मराठीत लिहून दिली. वकील मोफत मिळाले. दावा चौथ्या महिन्यात दाखल झाला.

निकाल अजून लागलेला नाही. विमा कंपनीने म्हणणे दाखल करायला दोनदा मुदत मागून घेतली. कदाचित लोकअदालतीत तडजोड होईल. तसे झाले तर त्यावर अपील नसते, म्हणून रक्कम नीट समजून घेऊनच सही करायची, हे तिने आता पाठ केले आहे. पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे. डंपरवाल्यांचा तो कोरा स्टँपपेपर तिने परत दिला नाही. मी तो मागून घेतला आणि पेटीत आबांच्या कागदाशेजारी ठेवला.