शिळा, नाव आणि स्मरण
पूर्वजप्रतिमांची परंपरा व आपले कर्तव्य

मृतांचे स्मरण ही मानवाची फार जुनी गरज आहे. परंतु हे स्मरण कोणत्या साधनाने टिकवावे, याचे उत्तर सर्व समाजांनी एकसारखे दिलेले नाही. कोणी प्रतिमा घडविली, कोणी शिळेवर अक्षरे कोरली, तर कोणी पूर्वजांची नावे पिढ्यान्‌पिढ्या मुखोद्गत ठेवली. प्रतिमा, अक्षर आणि वाणी या तीन साधनांचा परस्परसंबंध मुख्यतः पुणे जिल्ह्यातील अवशेषांच्या आधारे तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. १९५६ साली नागपूर येथे धम्मदीक्षा घेताना आपल्या समाजाने श्राद्धपक्ष व पिंडदान यांचा त्याग केला. त्यामुळे हा विषय आपल्यापुरता केवळ पुरातत्त्वाचा राहत नाही. पूर्वजपूजा सोडल्यानंतर पूर्वजांचे स्मरण कसे करावे, हा प्रश्न त्यात अनुस्यूत आहे.

प्रथम एक दूरचे उदाहरण घेऊ. पश्चिमेस मादागास्करपासून पूर्वेस रापानुई बेटापर्यंत पसरलेल्या समाजांच्या भाषा ऑस्ट्रोनेशियन या एकाच भाषाकुलातील आहेत. यांतील अनेक समाजांत पूर्वजांच्या प्रतिमा कोरण्याची प्रथा आढळते. न्यूझीलंडमधील माओरी लोकांचे कोरीव सभागृह हे पूर्वजाचे शरीरच मानले जाते. आढे हा त्याचा पाठीचा कणा, वासे या बरगड्या, आणि भिंतींतील कोरीव फळ्यांवर कुळातील स्त्री-पुरुष पूर्वज. या फळ्यांवर नावे लिहिण्याची जुनी चाल नव्हती. नावे राहत ती वंशावळी म्हणून दाखविणाऱ्या जाणत्यांच्या मुखी. या मौखिक वंशावळीस माओरी भाषेत ‘व्हाकापापा’ म्हणतात. कोरीव काम आणि पठण यांतील एक काढून घेतल्यास दुसरे पंगू होते. सुलावेसी बेटावरील तोराजा लोकांनी कड्यांत खोदलेल्या सज्जांवर मृतांच्या ‘ताउ-ताउ’ नावाच्या लाकडी प्रतिमा उभ्या केल्या. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांतील अनेक चोरीस जाऊन परदेशी संग्राहकांकडे पोहोचल्या. गावात जो कोणाचा तरी आजा होता, तो तेथे केवळ एक कलावस्तू झाला.

आता आपल्या भूमीकडे वळू. जुन्नरहून कोकणात उतरणाऱ्या नाणेघाटाच्या माथ्यावरील लेण्यात सातवाहन राजकुलाच्या प्रतिमा कोरलेल्या होत्या. या लेण्याचा काळ सामान्यतः इ. स. पू. पहिले शतक मानला जातो. एकोणिसाव्या शतकात कर्नल साइक्स यांनी या स्थळाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले आणि पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी येथील लेखांचा अभ्यास केला. आज मागील भिंतीवर पाउलांच्या खुणांपलीकडे फारसे काही उरलेले नाही. परंतु प्रतिमांच्या वर ब्राह्मी लिपीत कोरलेली काही नावे टिकली. सिमुक सातवाहन, देवी नायनिका व राजा सिरि सातकणि, महारठि त्रनकयिर, कुमार हकुसिरि ही नावे आपण आजही वाचतो. बाजूच्या भिंतींवरील दीर्घ लेखात यज्ञांची व त्यांत दिलेल्या गायी, घोडे, कार्षापणे इत्यादी दक्षिणांची नोंद आहे. राजवैभवाच्या प्रदर्शनासाठी घडविलेले देह नष्ट झाले आणि त्यांच्यावरची काही अक्षरे तेवढी राहिली.

अक्षर नसेल तर काय होते, याचे उत्तम उदाहरण भासाच्या नावावर असलेल्या ‘प्रतिमानाटका’त आहे. आजोळहून परतणारा भरत वाटेत आपल्याच पूर्वजांच्या प्रतिमागृहात शिरतो. परंतु प्रतिमा कोणाच्या हे त्यास कळत नाही. तेथील देवकुलिक एकेक नाव सांगू लागतो, तेव्हा दिलीप, रघू, अज यांची ओळख पटते आणि दशरथाच्या प्रतिमेवरून पित्याच्या मृत्यूची वार्ता उमगते. पुत्रासही पित्याच्या प्रतिमेचा अर्थ कळण्यासाठी सांगणारा लागतो, हे या प्रसंगाचे मर्म होय.

राजकुलांच्या या परंपरेच्या शेजारीच बौद्ध संघाने स्मरणाची एक वेगळी रीत निर्माण केली. मावळातील भाजे लेण्यांत चौदा स्तूपांचा एक समूह आहे. त्यांतील पाच खोदलेल्या भागात आत व नऊ बाहेर आहेत. हे स्तूप निवर्तलेल्या स्थविरांचे स्मारक असून काहींवर अंपिकिणक, धम्मगिरी, संघदिन अशी थेरांची नावे कोरलेली आढळतात. येथे मुद्रा नाही, अलंकार नाहीत, कुळाचा उल्लेख नाही. आहे ते केवळ नाव, आणि ‘थेर’ व ‘भदंत’ ही आदरवाचक पदे. कान्हेरी येथेही विटांच्या स्मारकस्तूपांची रांग असून तेथील शिलालेखांत दिवंगत थेरांची नावे व त्यांच्या आध्यात्मिक सिद्धी नोंदविल्या आहेत. डॉ. शोभना गोखले यांनी या लेखांचे वाचन करून मोठेच कार्य केले. नाणेघाटात नात्याची ओळख रक्ताने होते; भाजे-कान्हेरीत ती शीलाने व विद्येने होते. भिक्षूला पुत्र नसतो, त्याला अंतेवासी असतो. म्हणून संघाची वंशावळ ही आचार्य-शिष्यांची वंशावळ होय. विनयाची परंपरा सांगताना पालि ग्रंथ उपालि, दासक, सोणक, सिग्गव आणि मोग्गलिपुत्त तिस्स असा क्रम देतात. ही नावांची मालिका माओरींच्या वंशावळीप्रमाणेच पाठांतराने टिकली. फरक एवढाच की तिच्यात जन्माला स्थान नाही.

तिपिटकच मुळात भाणकांच्या मुखी जगले. दीघभाणक, मज्झिमभाणक असे त्यांचे वर्ग होते. पालि वंसग्रंथांनुसार सिंहलद्वीपात इ. स. पू. पहिल्या शतकात, वट्टगामणी राजाच्या काळी, ते ग्रंथारूढ झाले. महाराष्ट्रातही भाणक होते, याचा पुरावा कार्ले येथील चैत्यगृहात आहे. तेथील एका स्तंभावर सोपारा येथील धम्मुत्तरीय शाखेच्या सातिमित नामक भाणकाचे दान नोंदले आहे. वाणीने धम्म वाहून नेणाऱ्याचे स्वतःचे नाव मात्र दगडाने जपले.

यानंतरच्या काळात गावोगाव वीरगळ उभे राहिले. खालच्या चौकटीत लढाई किंवा गोधन सोडविण्याचा प्रसंग, मधल्या चौकटीत वीरास स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, अशी त्यांची परिचित रचना असते. कर्नाटकातील अनेक वीरगळांवर लेख आहेत. आपल्याकडील पुष्कळशा वीरगळांवर एकही अक्षर नाही. ज्याने गावासाठी प्राण दिला त्याचे नाव गावानेच लक्षात ठेवावे, अशी अपेक्षा असावी. काही पिढ्यांनंतर सांगणारा उरला नाही. मग त्या शिळेस शेंदूर लागला, तिचा देव झाला. किंवा ती धुणे धुण्याच्या, पायरीच्या उपयोगी आली. दोन्ही प्रकारांत माणूस हरवलाच.

या ठिकाणी आपल्या समाजाच्या इतिहासाचा एक विदारक विरोधाभास ध्यानी घ्यावा लागतो. गावच्या शिवेची माहिती महाराला असे. शिवेचा तंटा उद्भवला की महाराची साक्ष निर्णायक ठरे आणि प्रसंगी तोच शीव चालून दाखवी. म्हणजे गावाच्या स्मृतीचा तो भाणक होता. परंतु ज्याच्या मुखी गावाची स्मृती होती, त्याच्या स्वतःच्या पूर्वजांसाठी कोणी शिळा उभारली? त्यांची स्मृती बावन हक्कांच्या व अमृतनाकाच्या कथेसारख्या मौखिक परंपरेतच काय ती राहिली. याला अपवाद ठरला तो भीमा कोरेगावचा स्तंभ. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत कंपनीच्या बाजूने पडलेल्या सैनिकांची नावे त्यावर कोरली गेली आणि त्यांतील वीसहून अधिक नावांच्या शेवटी ‘नाक’ हे पद आहे. स्तंभ उभारण्यात कंपनी सरकारचा हेतू आपल्या विजयाच्या गौरवाचा होता. तरीही नावे कोरली गेली म्हणूनच १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे अभिवादनास गेले, तेव्हा ते निनावी दगडापुढे उभे नव्हते.

‘नाक’ हे पद प्राचीन लेखांतही भेटते. कार्ले येथील सिंहस्तंभाचा दाता महारठि अग्निमित्रनाक आहे. या साम्यावरून थेट वंशसंबंध जोडण्याचा मोह काहींना होतो. तो आवरावा, असे आमचे नम्र मत आहे. हे पद त्या काळी निरनिराळ्या थरांतील नावांस लागत असे आणि मधल्या अनेक शतकांचे दुवे आपल्या हाती नाहीत. शिवाय प्राचीन महारठ्याच्या रक्तावर आपली प्रतिष्ठा अवलंबून ठेवणे हे वसलसुत्ताच्या उपदेशाशी विसंगत ठरेल. माणूस जन्माने नव्हे, तर कर्माने ओळखावा, हे तथागतांनी तेथे स्पष्ट केले आहे.

मग बौद्धाने पूर्वजांचे काय करावे? सिगालोवादसुत्तात मातापित्यांप्रती पुत्राची कर्तव्ये सांगताना त्यांच्या पश्चात दान देण्याचाही समावेश केला आहे. तिरोकुड्डसुत्तात शोक व विलाप मृतांच्या उपयोगी पडत नाहीत असे सांगून, त्यांनी पूर्वी केलेल्या उपकारांची आठवण ठेवून संघास दान द्यावे, असा उपदेश आहे. परलोकाची कल्पना बाजूस ठेवली तरी त्यातील कृतज्ञतेचा गाभा शिल्लक राहतो. पितरांना भिऊन त्यांची शांती करणे वेगळे आणि त्यांचे ऋण जाणून त्यांच्या नावे सत्कर्म करणे वेगळे. भाज्याचे स्तूप या दुसऱ्या मार्गाचे साक्षीदार आहेत.

आज या कार्यास विलंब परवडणारा नाही. मुळशी धरणाच्या पाण्याखाली विसाव्या शतकात गावेच्या गावे गेली. त्यांच्याबरोबर गावठाणे, शिवा व स्मशानेही गेली. सेनापती बापटांचा सत्याग्रह (१९२१–२४) इतिहासात नोंदला गेला, परंतु बुडालेल्या गावांतील वस्त्यांच्या आठवणी कोणी नोंदविल्या? त्याच तालुक्यातील माणच्या शिवारात आता माहिती तंत्रज्ञान उद्यानाच्या इमारती उभ्या आहेत. जेथे शीव पुसली जाते तेथे शिवेचा दगड हलतो, आणि दगड हलला की त्याची कथा सांगण्याचे निमित्तही संपते.

म्हणून प्रत्येक विहाराने एक नोंदवही ठेवावी, अशी आमची सूचना आहे. तीत वस्तीतील वृद्ध स्त्री-पुरुषांकडून आठवतील तितक्या पिढ्यांची नावे लिहून घ्यावीत. आजी-पणजींची नावे विशेष आग्रहाने विचारावीत, कारण वंशावळींतून तीच प्रथम गळतात. कोणी कोणते काम केले, कोणी कोठे स्थलांतर केले, कोणत्या साली धम्मदीक्षा घेतली, हे नोंदवावे. गावातील वीरगळांची छायाचित्रे व स्थाने टिपावीत. त्यांवर शेंदूर चढवू नये आणि त्यांची मोडतोडही होऊ देऊ नये. वर्षावासात एखाद्या पौर्णिमेस वंदनेनंतर ही नावे मोठ्याने वाचावीत. नाणेघाटातील राजांची नावे टिकविण्यास कारागीर मिळाले. आपल्या माणसांच्या नावांसाठी लेखणी व वाणी ही दोन साधने आपल्या हाती आहेत, आणि ती पुरेशी आहेत.