फ्लेक्सनरचा झाडू

आपल्याकडच्या कुठल्याही कार्यक्रमात दोन-चार डॉक्टर भेटतातच, आणि ज्यांचं पोर मेडिकलच्या तयारीला लागलंय असे आईबाप तर त्याहून जास्त! पण अमेरिकेतलं हे शिक्षण इतकं लांबलचक आणि कडक कसं झालं, ती गोष्ट फारशी कुणी सांगत नाही.

दीडशे वर्षांपूर्वी इथे डॉक्टर होणं सोपं होतं. बरीचशी कॉलेजं म्हणजे प्राध्यापकांची खाजगी दुकानंच. फी भरायची, चार-पाच महिने व्याख्यानं ऐकायची, पुढच्या वर्षी तीच पुन्हा ऐकायची, की झाला डॉक्टर!

तिकडे युरोपात पाश्चर आणि कॉख यांनी जंतूंचं शास्त्र उभं केलं होतं. ते ओळखून १८९३ साली बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्सचं वैद्यकीय कॉलेज निघालं. आधी पदवी, मग प्रयोगशाळा, मग रुग्णालयातले वॉर्ड अशी तिथली शिस्त. अब्राहम फ्लेक्सनर हा केंटकीचा शाळामास्तर, डॉक्टर नव्हे. कार्नेगी फाउंडेशनसाठी त्याने अमेरिका-कॅनडातल्या १५५ कॉलेजांची पाहणी केली आणि १९१० साली अहवाल लिहिला. हॉपकिन्स हाच त्याचा मापदंड. दुकानं बंद पडायला आधीच सुरुवात झाली होती. अहवालानं तिला जोर आला.

पण झाडू मारताना सुपातलं धान्यही गेलं. कृष्णवर्णीयांच्या सात कॉलेजांपैकी १९२३ नंतर दोनच उरली, हॉवर्ड आणि मेहॅरी. इतर बहुतेक कॉलेजांची दारं त्यांना बंदच होती. म्हणजे डॉक्टर सुधारले, पण त्यांच्या वस्तीत डॉक्टर मिळणं अवघड झालं. आपल्या आनंदीबाई जोशी १८८६ साली जिथून डॉक्टर झाल्या, ते फिलाडेल्फियाचं स्त्रियांचं कॉलेज मात्र तगलं.

पुढे कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठानं १९६९ साली व्याख्यानांवरचा भर कमी करून विद्यार्थ्यांना छोट्या गटांत रुग्णाच्या प्रश्नापासून शिकायला लावलं. पाठांतर जुनं होतं, शिकायची सवय नाही, हा त्यातला विचार. आणि २०२० साली अमेरिकेतल्या वैद्यकीय कॉलेजांच्या संघटनेनं आपल्या मानाच्या पुरस्काराला असलेलं फ्लेक्सनरचं नाव काढून टाकलं.

आता एक्स-रे वाचायला संगणक मदत करतोय, म्हणजे अभ्यासक्रम पुन्हा बदलणार. बदलायलाच हवा! पण नवा मापदंड ठरवताना एक प्रश्न आधी विचारावा: यात कुणाच्या घरापर्यंत डॉक्टर पोचेनासा होणार आहे? फ्लेक्सनरच्या वेळी तो विचारायचा राहून गेला.